एच५पी आणि लुमी: मराठीच्या शिक्षकांना शिकवण्याजोगं साधन, काही अटींवर

भाषेच्या शिक्षकांना संगणक शिकवायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी ठरलेला मेनू असतो: वर्डमध्ये प्रश्नपत्रिका, पॉवरपॉइंटमध्ये धडा आणि शेवटी गुगल फॉर्मवर चाचणी. गणिताच्या शिक्षकालाही तेच आणि भूगोलाच्या शिक्षकालाही तेच. भाषेच्या तासाला मात्र वेगळं काही लागतं. ऐकून लिहिणं, वाक्यात नेमका शब्द बसवणं, उताऱ्यातली क्रियाविशेषणं हेरणं, चूक तिथल्या तिथे कळणं आणि तोच सराव पुन्हा करता येणं. एच५पी आणि त्याचे सराव तयार करायचा लुमी हा प्रोग्राम हे सगळं फुकटात आणि बरंचसं इंटरनेटशिवाय करून देतात, म्हणून त्यांची शिफारस सगळीकडे होते. शिफारस योग्यच आहे. फक्त या साधनाला मराठी लिपीची खोड ठाऊक नाही. ती शिक्षकाला ठाऊक असेल तरच त्याने केलेला सराव बरोबर उत्तराला बरोबर म्हणतो.

आधी ओळख. एच५पी नॉर्वेतल्या जूबेल या कंपनीने २०१३ मध्ये आणलं. ते मुक्तस्रोत आहे आणि वेबपानावर चालणारे सराव तयार करतं: रिकाम्या जागा, शब्द ओढून बसवणं, शब्दांवर खूण करणं, श्रुतलेखन, मध्येच प्रश्न विचारणारा व्हिडिओ आणि असे कितीतरी प्रकार. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीत ते आता मूळ पॅकेजमध्येच येतं. दीक्षा हे सरकारी शिक्षणव्यासपीठ ज्या प्रणालीवर उभं आहे, तीही एच५पीचा मजकूर स्वीकारते. मूडल चालवायला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो, आणि एच५पीची स्वतःची वेबसेवा पैसे मागते. साध्या शाळेकडे यातलं काही नसतं. तिथे लुमी उपयोगी पडतं. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, खातं उघडायला लावत नाही आणि तयार झालेला सराव एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर काढून देतं. ती फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.

लुमी बसवल्यावर त्यात सरावाचे प्रकार आयते नसतात. प्रत्येक प्रकार पहिल्यांदा वापरताना इंटरनेटवरून उतरवावा लागतो. वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी एकदम ‘गेट’ आणि मग ‘इन्स्टॉल’ दाबलं की पहिला तास तिथेच संपतो. यावर सोपा उपाय आहे. एच५पीच्या फाइलमध्ये तो सराव चालवण्यासाठी लागणारा प्रोग्रामही असतो. म्हणून प्रशिक्षकाने घरच्या संगणकावर हव्या त्या प्रत्येक प्रकाराची एकेक नमुना फाइल करून पेनड्राइव्हवर ठेवावी. ती दुसऱ्या संगणकावरच्या लुमीत उघडली की तो प्रकार तिथे बसतो, इंटरनेट असो वा नसो. पाच प्रकारांच्या पाच फाइली पुरतात. संगणक जुने असतील तर लुमी त्यांवर उघडतं का, हे प्रशिक्षणाच्या आधीच पाहून घ्यावं.

आता मुख्य विषय, ‘फिल इन द ब्लँक्स’. शिक्षक सर्वांत आधी हाच प्रकार शिकतात आणि मराठी सर्वांत जास्त अडखळते तीही इथेच. कृती सोपी आहे. वाक्य लिहायचं आणि जो शब्द गाळायचा त्याच्या दोन्ही बाजूंना * हे चिन्ह द्यायचं. दोन उत्तरं चालत असतील तर मध्ये / द्यायचा, आणि सूचक द्यायचा असेल तर उत्तरानंतर : देऊन तो लिहायचा. उदाहरणार्थ, ‘तो रोज शाळेत *जातो/जायचा:जाणे*.’ पाच मिनिटांत कोणालाही जमतं.

घोटाळा त्या कोलनने होतो. मराठीत विसर्गाच्या जागी कोलन टंकायची सवय इतकी रुळलेली आहे की छापील प्रश्नसंचांतही ‘दु:ख’, ‘स्वत:’, ‘अंत:करण’ सर्रास दिसतं. डोळ्यांना फरक कळत नाही. लुमीला मात्र *दु:ख* याचा अर्थ ‘उत्तर दु, सूचक ख’ असा लागतो. विद्यार्थी ‘दुःख’ लिहितो, उत्तर चूक ठरतं आणि ‘बरोबर उत्तर: दु’ असं पडद्यावर झळकतं. शिक्षकाला वाटतं की सॉफ्टवेअर बिघडलं. संगणकातल्या अक्षरांची जी प्रमाण संकेतपद्धत, त्या युनिकोडमध्ये विसर्गाचं चिन्ह वेगळं आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डवर ते शिफ्ट धरून वजाबाकीच्या कळीवर मिळतं. जुना मजकूर चिकटवला असेल तर त्यातले सगळे कोलन एकदा नजरेखालून घालावेत. सरसकट ‘रिप्लेस’ करू नये, नाहीतर संवादातल्या नावांपुढचे कोलनही विसर्ग होतात.

दुसरा घोटाळा ऱ्याचा. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात एकापेक्षा जास्त प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि मग य. तिसऱ्यात र, खालचा नुक्ता (टिंब), हलन्त आणि य. पडद्यावर तिन्ही तंतोतंत सारखे दिसतात. शिक्षकाने एका कीबोर्डवरून उत्तर भरलं आणि विद्यार्थ्याने दुसऱ्यावरून लिहिलं की अचूक उत्तरही लाल होतं. वाऱ्यावर, सुऱ्या, खोऱ्यात, दुसऱ्या, कोऱ्या, बिचाऱ्या, असे शब्द मराठीत पावलोपावली आहेत. ‘ॲ’चीही हीच गत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीची पद्धत अ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हांची होती आणि ती अजून चालू आहे. त्यामुळे ‘ॲप’ दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. इलाज एकच: अशा प्रत्येक उत्तरात / देऊन त्याची रूपं दोन-तीन कीबोर्डांवरून टंकून ठेवायची. दिसताना तोच शब्द दोनदा लिहिल्यासारखा दिसतो, म्हणून नंतर तपासणारा सहकारी एक काढून टाकतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

इथे हुशार शिक्षकाला एक पळवाट सापडते आणि ती सर्वांत घातक आहे. ‘बिहेव्हिअरल सेटिंग्ज’मध्ये किरकोळ स्पेलिंगच्या चुका मान्य करण्याचा पर्याय आहे. तो चालू केला की ऱ्याची कटकट मिटेल असं वाटतं, पण त्याने मराठी शुद्धलेखनच निकालात निघतं. हा पर्याय चिन्हं मोजतो. अगदी छोटी उत्तरं सोडली तर ९ चिन्हांपर्यंतच्या उत्तरात एक चूक माफ असते आणि त्याहून लांब उत्तरात दोन. इंग्रजीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर, तिथे हे ठीक आहे. मराठीत प्रत्येक मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त हे वेगळं चिन्ह. ‘पाणी’ म्हणजे चार चिन्हं, आणि ‘पाणि’ ही त्यातली एकच चूक, म्हणून माफ. ‘विद्यार्थी’ दिसायला तीन अक्षरं, पण चिन्हं दहा, म्हणून ‘विध्यार्थि’सुद्धा हिरवं. आणि ‘दऱ्या’च्या जागी कोणी ‘दर्या’ लिहून डोंगरातून थेट समुद्रात उतरला तरी पूर्ण गुण. ऱ्हस्व-दीर्घ शिकवण्यासाठी केलेल्या सरावात हा पर्याय चालू असेल तर तो सराव उलट काम करतो. तो बंद ठेवावा आणि पर्यायी रूपं हातानेच भरावीत. फक्त आशय तपासायचा असेल, म्हणजे गावाचं नाव, पात्राचं नाव, तेवढ्यापुरता चालू केला तर बिघडत नाही.

एक प्रश्न सॉफ्टवेअर सोडवूच शकत नाही: ‘केले’ आणि ‘केलं’ यांतलं बरोबर कोणतं? मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी (१९६२चे १४ आणि १९७२चे ४) लेखनाची चौकट दिली आहे. तिच्यात बोलण्यातली अनुस्वारी रूपं संवादात येऊ शकतात, एरवी एकारान्त रूप लिहायचं. तुमच्या सरावातलं वाक्य संवाद आहे की निवेदन, हे शिक्षकानेच ठरवायचं आणि मग / द्यायचा की नाही तेही. आमच्या मते प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच असतो. एरवी ‘चालतं’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींवर खल होतो, कारण यंत्राला ‘चालतं’ कळत नाही.

‘ड्रॅग द वर्ड्स’ मराठीसाठी सर्वांत निर्धोक. विद्यार्थी काही टंकत नाही, शब्द ओढून बसवतो, त्यामुळे वरचा एकही घोटाळा होत नाही. खूण त्याच * चिन्हाची. कोलनचं पथ्य मात्र इथेही, कारण सूचक इथेही कोलननेच देतात. ‘डिस्ट्रॅक्टर्स’ या चौकटीत चकवणारे शब्द द्यायला विसरू नये. ते नसतील तर शेवटची जागा आपोआप भरते. विभक्तीचे प्रत्यय, वाक्प्रचार, उभयान्वयी अव्ययं यांसाठी हा प्रकार उत्तम. परदेशातल्या, विशेषतः बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने चालणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी शाळांत मुलं मराठी वाचतात, पण देवनागरी टंकायला कचरतात. तिथे याच प्रकारापासून सुरुवात करावी.

‘मार्क द वर्ड्स’मध्ये उताऱ्यातल्या शब्दांवर टिचकी मारून खूण करायची असते. नामं, विशेषणं, क्रियापदं शोधायला फार छान. पण त्याच्या लेखी शब्द म्हणजे दोन जागांमधला मजकूर. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून येतं. ‘घरासमोर’मधल्या फक्त ‘समोर’वर खूण होत नाही, अख्ख्या शब्दावर होते. प्रश्न तसा वाचायला हवा: ‘शब्दयोगी अव्यय असलेले शब्द निवडा.’ संयुक्त क्रियापदाचंही तेच. ‘लिहून टाकलं’ ही एक खूण होत नाही, दोन होतात, आणि एकच निवडणाऱ्याला अर्धे गुण जातात.

शब्दकोडी आणि शब्दशोध हे दोन प्रकार मराठीत घेऊ नका. ‘की’मध्ये यंत्राला क आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हं दिसतात, आणि जोडाक्षर आलं की चौकटींचा हिशोब कोलमडतो. कागदावरचं कोडं अजूनही सरस.

श्रुतलेखनाचा ‘डिक्टेशन’ हा प्रकार भाषेच्या शिक्षकासाठी सोन्यासारखा आहे. दरेक वाक्यासाठी एक ध्वनिफीत, हवी तर तीच सावकाश वाचलेली दुसरी, आणि खाली लिहायची जागा. विरामचिन्हं दुर्लक्षून तपासायची सोय आहे. छोट्या चुकांना पूर्ण, अर्धे की शून्य गुण कापायचे, हेही ठरवता येतं. मराठीत ‘छोटी चूक’ म्हणजे बहुतेकदा ऱ्हस्व-दीर्घच, म्हणून तिला मोठ्या चुकीइतकंच धरावं. वाक्य सात-आठ शब्दांचं ठेवा. लांब वाक्यात मूल स्मरणशक्तीशी झगडतं आणि लेखन बाजूला राहतं.

ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. स्टीरिओ नको, मोनो ठेवा. बोलायच्या आधी दोन सेकंद गप्प राहा, कारण त्या शांततेतला पंख्याचा आवाजच गोंगाटाचा नमुना म्हणून लागतो. तेवढाच भाग निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, मग सगळं निवडून तोच इफेक्ट पुन्हा लावा. १२ डेसिबलच्या आसपास थांबा. त्याहून जास्त ओढलं की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो, आणि स-श, च-छ यांतला फरक आधी मरतो. श्रुतलेखनात हवा असतो तो नेमका तोच फरक. एमपी३मध्ये ६४ केबीपीएसला काढलं तर एका मिनिटाची फाइल अर्ध्या एमबीच्या आत बसते. फोनवर मुद्रित केलं तरी चालतं, फक्त फोन तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे प, फ, भ यांचे फुंकर मारल्यासारखे आवाज येत नाहीत.

प्रश्न विचारणाऱ्या व्हिडिओचा प्रकार दिसायला सर्वांत आकर्षक आणि प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ खाणारा. यूट्यूबचा दुवा दिला तर वर्गात इंटरनेट लागतं. स्वतःची फाइल दिली तर ती एचटीएमएलमध्ये भरताना सुमारे एक तृतीयांश फुगते, म्हणजे ६० एमबीचा व्हिडिओ ८० एमबीच्या फाइलमध्ये येतो आणि साधा फोन ती उघडताना धापा टाकतो. व्हिडिओ असेल तर निर्यात करताना माध्यमं वेगळ्या फाइलींत ठेवण्याचा पर्याय घ्या. तीन मिनिटांच्या वर जाऊ नका.

मराठी रूप देण्याबद्दल. बटणांवरचे इंग्रजी शब्द प्रत्येक सरावाच्या तळाशी ‘टेक्स्ट ओव्हरराइड्स अँड ट्रान्सलेशन्स’मध्ये बदलता येतात: तपासा, पुन्हा करा, उत्तर पाहा. तिथे @ किंवा : या चिन्हाने सुरू होणारे इंग्रजी शब्द दिसतील. त्यांच्या जागी गुणांचे आकडे येतात, म्हणून त्यांचं एक अक्षरही बदलू नका. जागा मात्र बदला. इंग्रजीत मिळालेले गुण आधी येतात, मराठीत ‘१० पैकी ७’, म्हणून एकूण गुणांचा शब्द पुढे घ्यायचा आणि मध्ये ‘पैकी’. हे एकदा भरलं की ती फाइल साचा म्हणून जपून ठेवा आणि दर वेळी तिचीच प्रत काढून सराव करा. फाँटच्या बाबतीत लुमी कंजूष आहे, बहुतेक प्रकारांत निवडच नाही. परिणामी ल आणि श बऱ्याच संगणकांवर हिंदी वळणाचे दिसतात. शासनाच्या २००९च्या निर्णयातला पाकळीचा ल आणि देठाचा श वर्गात आग्रहाने शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांना हे खटकतं, आणि त्यांचं बरोबर आहे. पहिली-दुसरीला अक्षरओळखीसाठी हे साधन वापरू नये. तिथे चित्र म्हणून अक्षर घालावं.

जुने प्रश्नसंच चिकटवायचा मोह होतोच. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटांतला मजकूर लुमीत टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवून केलेला असतो. परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार दोन्ही तपासावेत. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे चुकायचं तर तिथेच चुकतं.

प्रशिक्षण किती दिवसांचं असावं? दोन पूर्ण दिवस. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लुमी उघडूच नये. फक्त कीबोर्ड: विसर्ग, ऱ्या, ॲ, जोडाक्षरं, आणि इनस्क्रिप्ट किंवा ध्वन्यात्मक यांपैकी एक पद्धत पक्की. ध्वन्यात्मक मराठी कीबोर्ड विंडोज १०च्या २०१९च्या आवृत्तीपासून आयता मिळतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. दुपारी शब्द ओढण्याचा एक आणि रिकाम्या जागांचा एक सराव. दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण, श्रुतलेखन आणि शेवटचे दोन तास अदलाबदल: प्रत्येकाने दुसऱ्याचा सराव स्वतःच्या फोनवरून सोडवायचा, संगणकावरून नाही. घोटाळे तेव्हाच बाहेर येतात, कारण तेव्हाच दुसरा कीबोर्ड येतो. एका संगणकाला दोन शिक्षक ठीक, तिसरा नुसता बघ्या होतो. वीस जणांमागे प्रशिक्षक दोन हवेत.

वाटपाची अडचण खरी आहे. एचटीएमएल फाइल व्हॉट्सॲपवरून जाते, पण काही फोनवर ती नुसती दिसते आणि बटणं चालत नाहीत. फाइल आधी फोनमध्ये उतरवून क्रोममध्ये उघडायला सांगावं, किंवा शाळेच्या संकेतस्थळावर ठेवून दुवा द्यावा. सार्वजनिक ठिकाणी ठेवताना पाठ्यपुस्तकातला उतारा जसाच्या तसा घेऊ नका, त्याचे हक्क प्रकाशकाचे आणि लेखकाचे असतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन मुक्त होतं. ते होईतो उतारा स्वतःच लिहावा, तेवढं भाषाशिक्षकाला जमायला हवं.

पर्यायांपैकी हॉट पोटॅटोज हे सराव तयार करायचं जुनं सॉफ्टवेअर कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातलं, भाषाशिक्षकांच्याच गरजेतून आलेलं आणि २००९ पासून फुकट. फाइली चिमुकल्या, जुन्या संगणकावरही धावतं, पण दिसणं त्या काळातलं आणि फोनवर अवघडल्यासारखं. गुगल फॉर्म सरावाला रुक्ष आहे, पण गुण गोळा करण्यात लुमीच्या कितीतरी पुढे: प्रत्येकाचं उत्तर तक्त्यात येतं. लुमीच्या फाइलमधले गुण विद्यार्थ्याच्या पडद्यावरच राहतात. शिवाय बरोबर उत्तरं त्याच फाइलमध्ये असतात, आणि नववीतला एखादा तरबेज मुलगा ती काढून घेतो. घटक चाचणीसाठी म्हणूनच लुमी नको. गृहपाठ, उजळणी आणि श्रुतलेखन यांसाठी जरूर घ्या, किंमत शून्य आहे. खर्च होतो तो कीबोर्डवर घालवलेल्या पहिल्या अर्ध्या दिवसाचा, आणि प्रशिक्षणाचं वेळापत्रक आखताना कात्री लागते ती नेमकी त्याच अर्ध्या दिवसाला.